रोटरी इंजिनातील वंगणतेल : पातळीचा इशारा आणि नियमित तपासणी

प्रस्तावना

मोटारीच्या इंजिनातील तेल घटणे हे सर्वसाधारणपणे बिघाडाचे लक्षण मानले जाते. रोटरी इंजिनाच्या बाबतीत मात्र ही समजूत लागू पडत नाही. फेलिक्स वँकेल यांच्या संकल्पनेवर आधारित या इंजिनाचा पहिला नमुना जर्मनीतील एनएसयू कंपनीत १९५७ मध्ये चालविण्यात आला. जपानच्या माझदा कंपनीने १९६७ च्या कॉस्मो स्पोर्टपासून आरएक्स-७ (१९७८ ते २००२) व आरएक्स-८ (२००३ ते २०१२) पर्यंतच्या स्पोर्ट्स कारमध्ये या इंजिनाचा वापर केला. या इंजिनात तेल का घटते, इशारादिवा नेमके काय सांगतो आणि नियमित तपासणी का आवश्यक ठरते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

तेल खर्च होण्याचे कारण

पिस्टन इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवरील तेल पिस्टनच्या कड्या खरवडून पुन्हा तळाच्या टाकीत पाठवितात. रोटरी इंजिनात पिस्टनऐवजी त्रिकोणाकृती रोटर फिरतो. त्याच्या तिन्ही टोकांवर धातूच्या बारीक पट्ट्या, म्हणजेच एपेक्स सील, बसविलेल्या असतात. त्या बाह्य कवचाच्या आतील पृष्ठभागावर सतत घासत राहतात आणि ज्वलनकक्ष परस्परांपासून वेगळे ठेवतात. तेथे वंगण पोहोचविण्यासाठी मीटरिंग पंप टाकीतील तेल अल्प प्रमाणात ज्वलनकक्षाकडे सोडतो. हे तेल परत येत नाही. ते इंधनाबरोबर जळून जाते. म्हणून येथील तेलाचा खर्च हा दोष नसून रचनेचा भाग आहे. आरएक्स-८ च्या २००९ च्या सुधारित आवृत्तीत प्रत्येक रोटरसाठी तेल सोडणाऱ्या नलिकांची संख्या वाढविण्यात आली, यावरून या वंगणाचे महत्त्व स्पष्ट होते.

इशारादिव्याची मर्यादा

आरएक्स-८ मध्ये तेलाची पातळी कमी झाल्यास सूचना देणारा दिवा आहे. पातळी खाली गेल्यानंतरच तो लागतो. ती किती वेगाने घटत आहे, हे तो सांगत नाही. चढ-उतारावर किंवा तीव्र वळणावर टाकीतील तेल एका बाजूला सरकत असल्याने त्याच्या सूचनेचा अर्थ जपूनच लावावा लागतो. तेलाच्या दाबाचा इशारा ही याहून वेगळी बाब आहे. पातळीचा दिवा लागल्यास लवकरात लवकर तपासून तेल भरावे. दाबाचा दिवा लागल्यास मात्र सुरक्षित जागी थांबून इंजिन तत्काळ बंद करावे. या दोहोंत गल्लत झाल्यास इंजिन कायमचे निकामी होण्याचा धोका असतो.

तपासणीची पद्धत

तेलाचा खर्च इंजिन किती व कसे चालते यावर अवलंबून असल्याने तपासणीची सांगड दिनदर्शिकेपेक्षा पेट्रोल भरण्याशी घालणे अधिक सयुक्तिक ठरते. दर एक-दोन वेळा टाकी भरताना ही तपासणी करावी. गाडी सपाट जागी उभी करून, गरम इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबावे. नंतर डिपस्टिक पुसून पुन्हा आत घालावी व बाहेर काढून पातळी पाहावी. तेल थोडे थोडे भरावे आणि वरची खूण ओलांडू नये, कारण जादा तेल हवेच्या मार्गात शिरू शकते. प्रत्येक वेळी भरलेले तेल व कापलेले अंतर यांची नोंद ठेवल्यास त्या इंजिनाचा नेहमीचा खर्च कळतो. तो अचानक वाढल्यास गळती किंवा झीज यांची शंका घ्यावी. पातळी मुळीच घटत नसल्यास मीटरिंग पंपाची तपासणी करून घ्यावी.

निष्कर्ष

वंगण अपुरे पडल्यास एपेक्स सील झिजतात, दाब टिकत नाही आणि गरम इंजिन पुन्हा सुरू होणे कठीण होते. ही हानी तेल भरून भरून निघत नाही. त्यासाठी इंजिन उघडावे लागते. रोटरी इंजिनात तेल हे पेट्रोलप्रमाणेच खर्ची पडणारे द्रव्य आहे, ही जाणीव चालकाने बाळगली पाहिजे. इशारादिवा हा नियमित तपासणीस पूरक आहे, पर्याय नव्हे.