भिंगावरची धूळ आणि पुसण्याची घाई

कॅमेऱ्याची लेन्स तिरकी धरली असता तिच्यावर जी जांभळट किंवा हिरवट झाक दिसते, ती काचेची नसून काचेवर चढवलेल्या अतिशय पातळ लेपाची असते, आणि लेन्स स्वच्छ करण्याच्या साऱ्या नियमांचे मूळ या लेपात आहे. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून पडलेल्या प्रकाशाचा सुमारे 4 टक्के भाग परावर्तित होतो, म्हणजे मागे फिरतो. लेन्समध्ये एकामागे एक अनेक भिंगे असल्यामुळे हवा आणि काच यांच्या सीमेवरचे असे 10 पृष्ठभाग धरले, तरी एकतृतीयांश प्रकाश वाटेतच वाया जातो आणि त्यातला काही आतल्या आत फिरून छायाचित्र फिके करतो. यॉर्क येथील टी. कुक अँड सन्स या दुर्बिणी बनवणाऱ्या संस्थेतील हॅरल्ड डेनिस टेलर यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असे लक्षात आले की, वर्षानुवर्षे हवेत राहून डागाळलेली भिंगे नव्या भिंगांपेक्षा अधिक प्रकाश पार जाऊ देतात. पुढे 1935 मध्ये कार्ल झाइस या जर्मन संस्थेतील ओलेक्सांद्र स्माकुला यांनी निर्वात पोकळीत काचेवर परावर्तन कमी करणारा लेप मुद्दाम चढवण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळवले. या कामासाठी दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या मॅग्नेशियम फ्लोराइडच्या एका थराची जाडी सुमारे 100 नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या अनेकशेव्या भागाइतकी असते. आजच्या लेन्सवर असे अनेक थर असतात आणि ते पूर्वीच्या मानाने पुष्कळ कठीण असतात, तरीही ते थरच आहेत, हे विसरून चालत नाही.

या थराला खरा धोका बोटाच्या ठशापेक्षा धुळीपासून असतो. खनिजांची कठीणता मोजण्यासाठी मोह्स यांची 1 ते 10 अशी श्रेणी वापरतात. तिच्यात काचेचे स्थान सर्वसाधारणपणे साडेपाचच्या आसपास येते, तर वाळूचा मुख्य घटक असलेल्या क्वार्ट्झचे 7 वर. चंद्रपूर परिसरातील वालुकाश्मांमुळे ताडोबाच्या रस्त्यांवरून जिप्सी गेल्यावर उडणाऱ्या धुळीत काय किंवा कोकणातल्या पुळणीवरून वाऱ्याबरोबर येणाऱ्या रेतीत काय, काचेवर ओरखडा उमटवू शकणारे कण असणारच. अशी धूळ बसलेली लेन्स सदऱ्याच्या टोकाने किंवा खिशातल्या रुमालाने पुसणे म्हणजे तिच्यावर पॉलिश पेपर फिरवण्यासारखे आहे, कारण कापड कितीही मऊ असले तरी त्याखाली सापडलेला कण मऊ नसतो.

म्हणून पहिले काम हवेचे. रबरी फुग्याच्या ब्लोअरने, लेन्सचे तोंड खाली करून, काही वेळा जोराने हवा मारली की बहुतेक सुटी धूळ काचेला काहीही न लागता खाली पडते, आणि पुष्कळदा स्वच्छता तेथेच संपते किंवा संपवावी. तोंडाने फुंकर मारण्यात थुंकीचे सूक्ष्म थेंब उडतात. दाबाखालच्या वायूचा डबा तिरका झाला, तर त्यातला द्रव काचेवर फवारला जातो. ब्लोअरने न निघालेली धूळ केवळ याच कामासाठी राखलेल्या आणि केसांना बोट न लावलेल्या मऊ ब्रशने झटकावी. बोटाचे तेल एकदा ब्रशला लागले की तो तेल प्रत्येक भिंगावर पोहोचवतो.

जेजुरीची सोमवती अमावास्या हा या क्रमाची कसोटी पाहणारा प्रसंग आहे. उधळलेला भंडारा म्हणजे हळदीची पूड. तिचे कण स्वतः मऊ असले, तरी हजारो पावलांनी उडवलेली माती त्यात मिसळलेली असते, आणि हळदीत पिष्ट व तेल दोन्ही असल्याने ओला फडका लावताच तिचा पिवळा लगदा होऊन तो लेन्सच्या कडेच्या फटीत शिरतो. हळदीला रंग देणारे कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मात्र अल्कोहोलमध्ये विरघळते. त्यामुळे तेथे भंडारा पूर्ण कोरडा असतानाच ब्लोअर आणि ब्रशने काढावा, पाणी टाळावे आणि राहिलेला पिवळेपणा शेवटी अल्कोहोलने टिपून घ्यावा. अशा ठिकाणी लेन्सपुढे साधे संरक्षक फिल्टर लावून जाणे आणि गर्दीत लेन्स न बदलणे हे अधिक शहाणपणाचे.

समुद्राच्या तुषारांचा नियम याच्या नेमका उलट आहे. खारे पाणी वाळले की मिठाचे स्फटिक उरतात, मीठ अल्कोहोलमध्ये फारसे विरघळत नाही आणि कोरडे पुसल्यास ते घासले जाते; म्हणून तेथे आधी ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफेपासून मिळवलेल्या क्षाररहित पाण्याने किंचित ओलसर केलेल्या कापडाने मीठ विरघळवून टिपावे लागते.

बोटाच्या ठशासाठी शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा लेन्ससाठी बनवलेले द्रावण पुरते. द्रव भिंगावर थेट टाकू नये, कारण तो कडेने आत झिरपतो; लेन्स टिश्यूवर एक-दोन थेंब घेऊन मध्यापासून कडेकडे, दाब न देता, गोलाकार पुसत जावे आणि एकदा वापरलेला टिश्यू पुन्हा वापरू नये. हात निर्जंतुक करण्याच्या सॅनिटायझरमध्ये बहुधा ग्लिसरीन असते आणि त्याचा थर मागे राहतो. घरातल्या काचा पुसण्याच्या द्रावणात अनेकदा अमोनिया असतो. ॲसिटोन तर प्लास्टिकचे भाग विरघळवते. मायक्रोफायबरचे कापड, म्हणजे अतिसूक्ष्म कृत्रिम तंतूंचे विणलेले फडके, चांगलेच. मात्र ते धुताना कपडे मऊ करणारे द्रव्य वापरू नये आणि ते बॅगेत उघडे टाकू नये.

पुढच्या भिंगावरचा एखादा कण किंवा बारीक ओरखडा छायाचित्रात सहसा उमटत नाही, कारण तो कॅमेऱ्याच्या केंद्रणाच्या बाहेर असतो. मागच्या भिंगावरचा डाग मात्र त्याहून लवकर त्रास देतो. पुढची काच रोज पुसण्याची सवय म्हणूनच अनावश्यक आहे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आणि गोव्यात लेन्सचा सर्वांत मोठा शत्रू मात्र पावसाळा आहे. बुरशी काच खात नाही. काचेवरची धूळ, तेलाचा अंश आणि ओलावा यांवर ती जाळ्यासारखी पसरते, पण तिच्यातून पाझरणारी आम्ले लेप आणि कधी काचही कोरतात, आणि तो कोरीव डाग कोणत्याही द्रावणाने जात नाही. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या दमट जंगलांत सैन्याच्या दुर्बिणी आणि इतर प्रकाशीय उपकरणे बुरशीने निकामी होऊ लागली, तेव्हा मेलबर्न विद्यापीठातील जॉन टर्नर, एथेल मॅक्लेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपकरणांच्या आत पारायुक्त बुरशीनाशक ठेवण्याचा उपाय शोधला होता; पारा विषारी असल्याने घरी त्याचा विचारही करू नये. घरचा उपाय आर्द्रतेचा आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवा जितकी वाफ धरू शकते तिच्या तुलनेत प्रत्यक्ष असलेली वाफ, 60 टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की धोका वाढतो; जून ते सप्टेंबर कोकणात ती याहून कितीतरी अधिक असते. 40 ते 50 टक्के आर्द्रता राखणारे विजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट, किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि एक लहान आर्द्रतामापक, एवढे पुरते. रंगदर्शक जेलचे दाणे ओलावा शोषून रंग बदलतात, तेव्हा ते तापवून पुन्हा वापरता येतात. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या आणि कापूर यांपासून लेन्स दूर ठेवावी, आणि चामड्याच्या पेटीत ती पावसाळाभर बंद करून ठेवू नये, कारण चामडे स्वतःच बुरशीचे माहेरघर होते. वातानुकूलित खोलीतून पावसाळी हवेत जाताना लेन्स बंद पिशवीत ठेवून ती बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये. गार काचेवर जमलेली वाफ पुसण्यापेक्षा ती जमूच न देणे सोपे असते. आतल्या भिंगावर बुरशीची पांढरी रेघ दिसली, तर लेन्स स्वतः न उघडता कुशल कारागिराकडे तत्काळ द्यावी आणि तोपर्यंत तिला इतर लेन्सपासून वेगळ्या डब्यात ठेवावे.