बाबांचा डबा : स्केल 1:87

आधी एक कबुली. मी कॉन्व्हेंटची, मराठीत मार्क कायम काठावरचे. तरीपण हा लेख मराठीतच लिहितेय, कारण तो बाबांना वाचायला द्यायचाय.

बाबा अकरा वर्षं नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला जायचे. पासाचा डबा ठरलेला, खिडकी ठरलेली. तो निळा डबा चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या डिझाइनचा, म्हणजे आयसीएफ. 1955 साली सुरू झालेल्या या कारखान्याने 2018 मध्ये हे डबे बनवणं थांबवलं. आता नवे डबे एलएचबी. म्हटलं, बाबा रिटायर होताना त्यांचा डबा त्यांना द्यायचा. छोटासा.

आयसीएफ डब्याचं प्लॅस्टिक किट मला काही मिळालं नाही. रूममेटचे काका चाकणला कंपनीत आहेत, ते ट्रेनिंगला जर्मनीला गेले होते. त्यांनी तिथल्या डब्याचं किट आणून दिलं. म्हणजे आता जर्मन डब्याचा पंचवटीचा डबा करायचा!

पहिलं काम, आकडेमोड. एचओ स्केल म्हणजे 1:87. आयसीएफ डबा 21.337 मीटर लांब आणि 3.245 मीटर रुंद. भागिले 87 केलं की 245 आणि 37 मिलीमीटर. किट व्हर्निअरने मोजलं तर 300 लांब, 32 रुंद. उंची जवळपास जुळली. थोडक्यात, पाहुणा उंच-सडपातळ, आपला डबा आखूड आणि ऐसपैस. 55 मिलीमीटर कापायचे आणि 5 वाढवायचे.

लांबी मधूनच कापा, म्हणजे दोन्ही टोकं शाबूत राहतात. हॅकसॉ ब्लेड स्वतःच जवळपास एक मिलीमीटर प्लॅस्टिक खातं, म्हणून काप नेहमी रेघेच्या टाकाऊ बाजूने घ्या. कडा काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट करा आणि जोडाला आतून पट्टी लावा. चिकटवायला फेविक्विक नको, जोड ठिसूळ होतो. मॉडेलचं सिमेंट दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं. हे चिकटवणं नाही, वेल्डिंगच आहे! मात्र ब्रशने थेंबभरच लावा, नाहीतर डब्याचं आइस्क्रीम होतं.

रुंदीसाठी छत आणि तळ मधोमध उभे चिरून पट्टी घातली. इथे मी आपटले. जर्मन खिडक्या मोठ्या, त्या झाकायला दोन्ही बाजूंना अर्ध्या मिलीमीटरची नवी शीट लावली, त्यात आपल्या छोट्या खिडक्या कापून. शीटची जाडी हिशोबात धरलीच नव्हती! डबा झाला 38. एक मिलीमीटर म्हणजे खऱ्या डब्यात 87, चांगली चार बोटं. सबमिशनच्या आठवड्यात सगळं पुन्हा चिरलं आणि 4 ची पट्टी घातली.

चाकांचं काय? आपण अख्ख्या डब्याला बोगी म्हणतो, पण खरी बोगी म्हणजे खालचा चाकांचा गाडा. आपला ब्रॉडगेज 1676 मिलीमीटर, म्हणजे स्केलमध्ये 19.3 हवा. तयार ट्रॅक मिळतो 16.5 चा, कारण तिकडचा गेज 1435. चाकं तशीच ठेवली. कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयात तासभर गाड्या पाहिल्यावर ठरलं होतं की डबा धावायला हवा.

दिवाळीआधी बाबा मला न्यायला चिंचवडला आले. व्हिजिटर रूममध्ये डबा त्यांच्या हातात दिला. उलटा केला, सुलटा केला.

"छान झालाय गं. पण खिडकीला गज कुठायत? आम्ही पेपर कुठे खोचायचा?"

सगळी मापं बरोबर आणि गजच विसरले! स्टेशनजवळच्या वाइंडिंगवाल्याकडून 0.15 मिलीमीटरची तांब्याची तार आणली आणि एकेका खिडकीला आडवे गज लावले. चार रात्री गेल्या. शेवटच्या खिडकीत कागदाचा एक चिटोरा दुमडून खोचलाय. बाबांना अजून सांगितलेलं नाही, स्वतः शोधू देत.

ता. क. : कापलेला 55 मिलीमीटरचा तुकडा उरलाय. कुणाला टपरीचं मॉडेल करायचं असेल तर रूमवर या!