उतारवयातील युरोप-प्रवास : वसंत ऋतूची निवड आणि पूर्वतयारी

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव म्हैसूरमध्ये कृष्णराजसागर धरणामुळे, तर महाराष्ट्रात खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे सर्वपरिचित आहे. त्यांच्या जीवनाचा एक पैलू मात्र तितकासा चर्चिला जात नाही. तो म्हणजे त्यांचा प्रवास. १८६० साली जन्मलेल्या, पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या आणि १८८४ पासून मुंबई इलाख्याच्या सेवेत असलेल्या विश्वेश्वरय्यांनी १८९८ मध्ये जपान पाहिला. १९१२ ते १९१८ या काळात म्हैसूरचे दिवाणपद सांभाळून ते निवृत्त झाले आणि साठीच्या उंबरठ्यावर पुन्हा परदेशी निघाले. १९४६ मध्ये भारतीय उत्पादकांच्या प्रतिनिधिमंडळाचे नेतृत्व करीत ते पश्चिमेकडील देशांच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा त्यांनी वयाची पंचाऐंशी वर्षे पूर्ण केली होती. वार्धक्य आणि दूरचा प्रवास यांत मूलतः विरोध नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. मात्र तारुण्यात जे उत्साहावर निभावते, ते उतारवयात योजनेवर निभवावे लागते.

ऋतूचा विचार

योजनेची सुरुवात ऋतूच्या निवडीपासून होते. एप्रिल महिन्यात म्हैसूरचे दुपारचे तापमान चौतीस-पस्तीस अंशांपर्यंत जाते. त्याच सुमारास रोममध्ये ते अठरा-एकोणीस अंश, तर ॲमस्टरडॅममध्ये तेरा अंशांच्या आसपास असते. जुलै-ऑगस्टमधील युरोप सुखद असतो, हा समज आता टिकण्यासारखा राहिलेला नाही. २००३ च्या उन्हाळ्यातील उष्णतेच्या लाटेने तेथे हजारो बळी घेतले आणि त्यांत वृद्धांची संख्या मोठी होती. वातानुकूलित यंत्रे नसलेली जुनी घरे हे त्यामागील एक कारण होते. म्हणून ज्येष्ठ प्रवाशाने वसंत ऋतू निवडणे ही केवळ सौंदर्यदृष्टी नव्हे. तो आरोग्याचा विचार आहे.

युरोपात वसंत सर्वत्र एकाच वेळी येत नाही. तो दक्षिणेकडून उत्तरेकडे आणि सखल प्रदेशातून डोंगराकडे सरकत जातो. मार्चअखेरीस स्पेनचा दक्षिण भाग आणि सिसिली बहरलेली असतात. हॉलंडमधील लिस गावाजवळचे कॉयकेनहॉफ उद्यान साधारणतः मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडे असते. तेथील ट्यूलिप बहुधा एप्रिलच्या उत्तरार्धात ऐन भरात येतात. आल्प्समधील उंच घाट मात्र मे महिन्यातही बर्फाने बंद असू शकतात. प्रवासाची दिशा याच क्रमाने, म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेकडे ठेवल्यास बहुतेक ठिकाणी योग्य वेळी पोहोचता येते. ईस्टरचा सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांदरम्यान कोणत्याही रविवारी येतो. त्या दिवसांत दुकाने बंद असतात आणि आगगाड्यांना गर्दी होते. त्यामुळे तारखा ठरविण्यापूर्वी पंचांगाप्रमाणे ख्रिस्ती दिनदर्शिकाही पाहावी.

कागदपत्रे

पारपत्रासाठी म्हैसूरच्या रहिवाशाला आता बंगळूर गाठावे लागत नाही. टपाल कार्यालयातील पारपत्र सेवा केंद्राचा प्रयोग देशात प्रथम जेथे सुरू झाला, त्या शहरांत २०१७ साली म्हैसूरचा समावेश होता. शेंगेन करारातील एकोणतीस देशांसाठी एकच व्हिसा पुरतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून त्यासाठी अर्ज करता येतो. पारपत्र दहा वर्षांपेक्षा जुने नसावे आणि परतीच्या नियोजित तारखेनंतर किमान तीन महिने ते वैध असावे, असा नियम आहे. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक मुक्काम करता येत नाही. इंग्लंड आणि आयर्लंड या व्यवस्थेत येत नाहीत.

किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा व्हिसासाठी आवश्यक असतो. परंतु अट पूर्ण करणारा प्रत्येक विमा उपयोगी पडतोच असे नाही. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार आधीपासून असल्यास त्याशी संबंधित खर्च अनेक विमापत्रांतून वगळलेला असतो. परमुलखातील रुग्णालयाचे देयक आयुष्यभराची शिल्लक गिळू शकते. म्हणून विमापत्रातील हे कलम वाचल्यावाचून हप्ता भरू नये आणि पूर्वीचा आजार कधीही लपवू नये.

शरीराची तयारी

युरोपातील जुनी शहरे पायी पाहण्याची आहेत. रस्ते दगडी फरसबंदीचे असतात. व्हेनिसमध्ये चारशेहून अधिक पूल असून त्यांतील बहुतेकांना पायऱ्या आहेत. ॲमस्टरडॅमच्या जुन्या घरांतील जिने शिडीसारखे उभे असतात आणि लहान हॉटेलांत उद्वाहक असेलच असे नाही. दिवसाला आठ-दहा किलोमीटर चालणे सहज घडते. त्याची सवय निघण्यापूर्वी दोन-तीन महिने तरी करावयास हवी.

या बाबतीत म्हैसूरकर भाग्यवान आहेत. कुक्करहळ्ळी तलावाकाठची वाट सपाट चालीला उत्तम आहे. चामुंडी टेकडीच्या सुमारे हजार पायऱ्या चढाची परीक्षा घेतात. आरंभी काही पायऱ्या, मग नंदीच्या भव्य मूर्तीपर्यंत आणि शेवटी शिखरापर्यंत, अशी मजल हळूहळू वाढवावी. उतरताना गुडघ्यांवर अधिक ताण पडतो, हे तेथेच कळते. प्रवासात जे जोडे वापरावयाचे, तेच या सरावात घालावेत. अर्थात, हृदयाची तपासणी करून घेतल्याशिवाय हा सराव सुरू करू नये.

प्रत्यक्ष प्रवास

बंगळूरहून युरोपपर्यंतचे थेट उड्डाण सुमारे दहा तासांचे असते. एवढा वेळ एका जागी बसल्याने पायांतील रक्त गोठण्याचा धोका वयाबरोबर वाढतो. तासा-दोन तासांनी उठून फेरी मारावी आणि पाणी पीत राहावे. औषधे, विशेषतः इन्सुलिन, सामानाच्या डब्यात न टाकता हातातील पिशवीत ठेवावीत. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी आणि तिच्यात औषधांची मूळ नावे लिहिलेली असावीत, कारण येथील व्यापारी नावे तेथील औषधविक्रेत्याला ठाऊक नसतात. युरोपीय संघात कोठेही तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक चालतो.

पंधरा दिवसांत आठ देश दाखविणाऱ्या सहलीत निम्मा वेळ बसमध्ये जातो. त्याऐवजी तीन शहरे निवडून प्रत्येकी पाच दिवस राहणे अधिक सोयीचे ठरते. मुक्काम स्थानकाजवळ असावा आणि सकाळी एकच मोठे स्थळ पाहावे. दुपारी विश्रांती घेतली तरी दिवस हातचा जात नाही, कारण एप्रिलअखेरीस ॲमस्टरडॅममध्ये सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. पतिपत्नी बरोबर असल्यास दोघांची चाल सारखी नसते. जो हळू चालतो त्याच्या गतीने दिवसाची आखणी करावी आणि आठवड्यातील एक दिवस पूर्ण मोकळा ठेवावा. एखादे संग्रहालय राहून गेले तरी प्रवास अपुरा ठरत नाही. थकव्याने अंथरूण धरले तर मात्र पुढचे सारेच राहून जाते.