सरकारी प्रवाससूचना : शब्दांचे वजन ओळखा

परदेशप्रवासाविषयी सरकार सावधगिरीची सूचना काढते, तेव्हा ती हुंडीइतक्याच काटेकोरपणे वाचली पाहिजे. अमेरिकेचे परराष्ट्र खाते देशांना जोखमीनुसार १ ते ४ असे स्तर देते; चौथ्याचा अर्थ ‘प्रवास करू नका’. भारताचे परराष्ट्र मंत्रालय व दूतावास यांच्या सूचनांत सहसा असा आकडा नसतो. धोक्याची पायरी शब्दांवरूनच ओळखावी लागते.

युक्रेनचे उदाहरण बोधप्रद आहे. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी कीव्ह येथील भारतीय दूतावासाने कळविले की, ज्यांचे वास्तव्य अत्यावश्यक नाही अशा भारतीयांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरते देश सोडण्याचा विचार करावा. २० फेब्रुवारीस ‘विचार करावा’ हे शब्द गळले आणि देश सोडण्याचा स्पष्ट सल्ला आला. २२ तारखेस विद्यार्थ्यांना सांगण्यात आले की, ऑनलाइन वर्गांविषयी विद्यापीठाच्या निर्णयाची वाट न पाहता निघावे. २४ फेब्रुवारीस पहाटे युद्ध पेटले आणि प्रवासी विमानांसाठी आकाश बंद झाले.

पहिली सूचना व युद्ध यांत अवघे नऊ दिवसांचे अंतर होते. अभ्यास बुडेल, तिकिटे महाग आहेत, या विचाराने अनेकजण थांबले. पुढे ‘ऑपरेशन गंगा’च्या ९० विमानफेऱ्यांतून हजारो भारतीय परतले, परंतु त्यापूर्वी अनेकांना तळघरांत दिवस काढून, कडाक्याच्या थंडीत शेजारील देशांच्या सीमा गाठाव्या लागल्या. १ मार्च रोजी खारकीव्ह येथे एका भारतीय विद्यार्थ्याला प्राण गमवावे लागले.

व्यापारी कुटुंबांनाही हा विषय परका नाही. हिऱ्यांच्या व्यवहारामुळे भारतीय व्यापाऱ्यांचा इस्रायलशी जुना संबंध आहे. १२ एप्रिल २०२४ रोजी परराष्ट्र मंत्रालयाने पुढील सूचनेपर्यंत इराण व इस्रायलला न जाण्याचा सल्ला दिला. येथे ‘विचार करावा’ अशी सवलत नव्हती. दुसऱ्याच रात्री इराणने इस्रायलवर ड्रोन व क्षेपणास्त्रे सोडली.

म्हणून सूचना हाती येताच तीन गोष्टी पाहाव्यात : ती विचार करण्यास सांगते की निघण्यास, संपूर्ण देशाला लागू आहे की एखाद्या भागाला, आणि आधीच्या सूचनेपेक्षा तिचे शब्द किती कडक झाले आहेत. तेथे राहणाऱ्यांनी दूतावासाकडे नावनोंदणी करावी. प्रवास विम्याची कलमेही तपासावीत, कारण अनेक पॉलिसींत युद्धजन्य हानी वगळलेली असते. लांबलेला सौदा पुन्हा जुळविता येतो, बुडालेले सत्र पुन्हा भरता येते. विमानतळ बंद झाल्यावर मात्र पैसा असूनही तिकीट मिळत नाही.