बाटलीची वाळू, वाळूचा किनारा

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याची सुमारे ५,००० चौरस किलोमीटर किनारी जमीन १९३०च्या दशकापासून समुद्राने गिळली आहे. मिसिसिपी नदीला बांध घातले, तिचा गाळ दलदलीपर्यंत पोहोचेनासा झाला, हे त्यामागचं एक मोठं कारण. त्याच राज्यात न्यू ऑर्लिन्सच्या बारमधल्या बाटल्या मात्र कचराभूमीत पुरल्या जात होत्या. २०२० साली तुलेन विद्यापीठात शिकणाऱ्या फ्रान्झिस्का ट्राउटमन आणि मॅक्स स्टाइट्झ यांनी या बाटल्यांपासून पुन्हा वाळू बनवणारा ‘ग्लास हाफ फुल’ हा उपक्रम सुरू केला.

काच मुळात वाळूचीच. यंत्रातले हातोडे बाटल्यांचा चुरा करतात, मग चाळणीत लेबलं आणि झाकणं वेगळी होतात. पिठासारख्या भुकटीपासून बारीक खडीपर्यंत सगळं हाती लागतं. कणांच्या कडा इतक्या बोथट होतात की ही वाळू उघड्या हाताने उचलता येते. तुलेनच्या संशोधकांनी केलेल्या चाचण्यांत तिच्यात स्थानिक झाडं रुजली. गोणपाटाच्या पोत्यांत भरून ती प्वांत-ओ-शियाँ या आदिवासी जमातीच्या किनाऱ्यावर रचली गेली.

गेलेल्या जमिनीच्या मानाने ही भर फारच थोडी. तरीही नदीचा गाळ पुन्हा दलदलीत येईपर्यंत अशा पोत्यांनी काही गवताळ काठ तरून जातील, आणि तेवढंही मोलाचं आहे.