ऑल्टरनेटरचे स्थलांतर

मोटारगाडीच्या इंजिनावर उत्पादकाने ठरवून दिलेल्या जागेवरून ऑल्टरनेटर काढून तो दुसऱ्या ठिकाणी बसवणे, याला ऑल्टरनेटरचे स्थलांतर म्हणतात. अधिक शक्तीसाठी फेरबदल केलेल्या गाड्यांत आणि शर्यतीच्या गाड्यांत हा बदल वारंवार आढळतो. तो सहसा ऑल्टरनेटरच्या सोयीसाठी केला जात नाही. दुसऱ्या एखाद्या मोठ्या भागाला जागा करून देताना ऑल्टरनेटरला हलावे लागते. नवे ब्रॅकेट तयार करणे हा या कामाचा डोळ्यांना दिसणारा भाग आहे. काम टिकते की नाही, हे मात्र पट्ट्याची मांडणी, उष्णता आणि केबलची जोडणी या तीन गोष्टींवर ठरते.

पार्श्वभूमी

ऑल्टरनेटरमध्ये फिरत्या विद्युतचुंबकामुळे स्थिर वेटोळ्यांत त्रिकला प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण होतो आणि डायोडांच्या साहाय्याने त्याचे एकदिश प्रवाहात रूपांतर केले जाते. विद्युतदाब नियंत्रक फिरत्या वेटोळ्यातील प्रवाह कमी-जास्त करून दाब साधारणपणे 13.8 ते 14.5 व्होल्ट या मर्यादेत राखतो. 1960 च्या दशकात ऑल्टरनेटरने मोटारगाड्यांतील जुन्या डायनॅमोची जागा घेतली. कमी वेगातही पुरेसा प्रवाह मिळणे हे त्याचे मुख्य कारण होते.

स्थलांतराची कारणे

टर्बोचार्जर बसवताना त्याची एक्झॉस्ट नळी नेमकी ऑल्टरनेटरच्या जागेतून न्यावी लागते, हे सर्वांत नेहमीचे कारण होय. सुपरचार्जर किंवा ड्राय संपचा तेलपंप इंजिनाच्या पुढच्या बाजूस बसवतानाही हीच अडचण येते. ऑल्टरनेटरचे वजन साधारण 5 ते 8 किलो असते. तो खाली आणल्यास गुरुत्वमध्य किंचित खाली येतो, पण केवळ तेवढ्यासाठी हा खटाटोप क्वचितच परवडतो. शिवाय खाली बसवलेल्या ऑल्टरनेटरवर रस्त्यावरचे पाणी, खडे आणि इंजिनातून गळणारे तेल येते.

एका गाडीचे इंजिन दुसऱ्या गाडीत बसवताना हा प्रश्न हमखास उद्भवतो. जनरल मोटर्सचे एलएस मालिकेतील व्ही-8 इंजिन 1997 च्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये प्रथम आले आणि पुढे ते निसान, माझदा, बीएमडब्ल्यू अशा अनेक गाड्यांत बसवले गेले. या इंजिनाच्या ट्रकसाठीच्या संचात ऑल्टरनेटर वर असतो आणि तो बॉनेटला अडण्याची शक्यता असते. कॅमॅरो व फायरबर्डच्या संचात तो खाली असतो आणि अनेक गाड्यांच्या सांगाड्याला किंवा स्टीअरिंगच्या भागांना अडतो. शिवाय या संचांमध्ये पट्ट्याचे प्रतल इंजिनापासून वेगवेगळ्या अंतरावर असते; कॉर्व्हेटचा पट्टा इंजिनाच्या सर्वांत जवळ, तर ट्रकचा त्याहून सुमारे 38 मिमी पुढे असतो. त्यामुळे एका संचाचे ब्रॅकेट आणि दुसऱ्या संचाची पुली एकत्र वापरल्यास पट्टा सरळ रेषेत धावत नाही.

पट्टा आणि पुली

सर्व पुल्या एकाच प्रतलात असणे ही पहिली अट आहे. थोडासा तिरकेपणाही पट्ट्याच्या कडा झिजवतो आणि जास्त फेऱ्यांवर पट्टा उडवून लावतो. अनेक इंजिनांत हाच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. अशा गाडीत पट्टा निसटला की चार्जिंग आणि इंजिन थंड ठेवण्याची व्यवस्था एकाच क्षणी बंद पडते.

दुसरा प्रश्न वळशाचा. पट्टा पुलीच्या परिघाला जितका वळसा घालतो, तितकी त्याची पकड चांगली. ऑल्टरनेटरची पुली लहान आणि भार मोठा असल्याने वळसा कमी पडला तर पट्टा घसरतो. त्यावर पट्टा अधिक आवळणे हा अनेकदा केला जाणारा, पण चुकीचा उपाय आहे. त्याने बेअरिंग लवकर खराब होते. एक मोकळी पुली घालून पट्ट्याचा मार्ग वळवणे अधिक योग्य ठरते. टेन्शनर नेहमी पट्ट्याच्या सैल बाजूस असावा लागतो.

पुल्यांचे गुणोत्तरही पुन्हा तपासावे लागते. क्रँकशाफ्टची पुली 150 मिमी आणि ऑल्टरनेटरची 55 मिमी व्यासाची असेल, तर इंजिनाच्या मिनिटाला 7,000 फेऱ्यांवर ऑल्टरनेटर सुमारे 19,000 फेरे घेतो. अनेक ऑल्टरनेटरांची सुरक्षित मर्यादा 18,000 च्या आसपास असते. मोठी पुली लावल्यास हा वेग उतरतो, पण इंजिन मंद चालत असताना मिळणारा प्रवाहही घटतो. फिरण्याची दिशा बदलल्याने विद्युतनिर्मितीत फरक पडत नाही, कारण पुढे डायोड आहेतच. परंतु आतील पंख्याची पाती तिरकी असल्यास उलट दिशेने हवा नीट खेळत नाही.

काही शर्यतीच्या गाड्यांत ऑल्टरनेटर मागे नेऊन तो प्रोपेलर शाफ्टवरून फिरवला जातो. गाडी थांबली की चार्जिंगही थांबते, म्हणून रोजच्या वापराच्या गाडीसाठी ही रचना निरुपयोगी आहे. काही ड्रॅग शर्यतपटू तर ऑल्टरनेटर काढूनच टाकतात, कारण काही सेकंदांच्या धावेला बॅटरी पुरते. हवेने थंड होणाऱ्या पोर्श 911 मध्ये याच्या नेमके उलट घडते. तेथे ऑल्टरनेटर इंजिनाच्या पंख्याच्या केंद्रस्थानीच बसवलेला असल्याने त्याला हलवायचे म्हणजे शीतनाची सगळी रचना बदलावी लागते.

उष्णता

टर्बोचार्जरच्या शेजारी आलेला ऑल्टरनेटर बाहेरून तापतो आणि स्वतःही उष्णता निर्माण करतो. 14 व्होल्टवर 100 अँपिअर, म्हणजे 1,400 वॅट देताना त्याची कार्यक्षमता 60 टक्के धरली, तरी 900 वॅटहून अधिक ऊर्जा उष्णतेत जाते. डायोड आणि नियंत्रक यांना ही उष्णता सर्वांत आधी बाधते. उष्णतारोधक पत्रा लावताना तो आणि ऑल्टरनेटर यांच्यात हवेसाठी मोकळी जागा ठेवणे आवश्यक असते; पत्रा अंगाला चिकटवल्यास तो स्वतः तापून उलट परिणाम करतो.

विद्युत जोडणी

ऑल्टरनेटरची मुख्य केबल बॅटरीला थेट जोडलेली असते, त्यामुळे इंजिन बंद असतानाही तिच्यात विद्युतदाब असतो. नव्या मार्गात ती धातूच्या कडेला घासून उघडी पडली, तर बॅटरीतून शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहून आग लागू शकते. म्हणून बॅटरीच्या टोकाजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज आणि पत्र्यातून जाताना रबरी बुश अनिवार्य मानले जातात.

बॅटरी डिकीत हलवलेली असल्यास केबलची लांबी महत्त्वाची ठरते. 16 चौ. मिमी छेदाच्या 5 मीटर तांब्याच्या केबलमध्ये 100 अँपिअरवर सुमारे अर्धा व्होल्ट घटतो, 35 चौ. मिमीच्या केबलमध्ये पाव व्होल्ट. रबरी आधारांवरील इंजिनाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी अर्थिंगची पट्टीही तितकीच जाड लागते. ही घट किरकोळ वाटली तरी शक्तिशाली इंजिनात तिचा परिणाम गंभीर असू शकतो. दाब उतरला की इंधनपंप कमी इंधन देतो, पूर्ण भारावर मिश्रणात हवेचे प्रमाण वाढते आणि पिस्टन वितळण्यापर्यंत वेळ येऊ शकते. पिस्टनचे नुकसान झालेल्या इंजिनात मूळ दोष अर्थिंगच्या वायरीत असू शकतो, ही बाब तपासणीत सहज सुटते.

शर्यतीच्या गाडीत बाहेरून बंद करता येणारा मुख्य स्विच असतो. एफआयएच्या नियमांनुसार त्याने ऑल्टरनेटरसह सर्व विद्युतमंडले तोडून इंजिनही बंद झाले पाहिजे. केवळ बॅटरी तोडणारा स्विच लावल्यास ऑल्टरनेटर प्रज्वलनाला वीज पुरवत राहतो आणि अपघातानंतरही इंजिन चालूच राहू शकते. शिवाय भार असताना बॅटरी अचानक सुटल्यास विद्युतदाब क्षणभर 100 व्होल्टच्या आसपास उसळू शकतो आणि संगणकीय नियंत्रक निकामी होऊ शकतो. त्यामुळे ऑल्टरनेटरची ऊर्जा एका रोधातून वाहून नेणारे अनेक संपर्कांचे स्विच वापरले जातात.