जोड्या लावा

नागरिकशास्त्रातला ‘जोड्या लावा’ हा प्रश्न आपण सर्वांनीच सोडविलेला आहे. ‘अ’ गटात चार शब्द, ‘ब’ गटात चार अर्थ. तीन जुळले की चौथा आपोआप जुळतो. तो मुलाला कळलेला असतोच असे नाही. गुण मात्र मिळतात!

म्हणून हा खेळ पुठ्ठ्याच्या पत्त्यांनी खेळावा, आणि अर्थाचे पत्ते शब्दांहून दोन-तीन जास्तच ठेवावेत. ‘ग्रामसभा’ हा शब्द घ्या. ‘निवडून आलेले सदस्य’ हा पत्ता उचलायला मूल धावते. पण ती झाली ग्रामपंचायत. ग्रामसभेत गावच्या मतदारयादीतला प्रत्येक जण बसतो. काल्हेरच्या गोदामात हमाली करणाऱ्या बापाचे नाव यादीत असेल, तर तोही.

‘किमान वेतन’ आणि ‘निर्वाह वेतन’ यांची गल्लत तर आम्ही मोठी माणसेही करतो. पहिल्याला १९४८ साली कायद्याचे बळ मिळाले; त्याहून कमी मजुरी देता येत नाही. दुसरे घटनेच्या ४३व्या कलमात आहे. ते राज्याने गाठावयाचे उद्दिष्ट. त्यासाठी कोर्टाची पायरी चढता येत नाही.

जोडी लावणाऱ्याने कारण सांगावे. सांगता आले नाही, तर पत्ता परत ठेवावा.